वाकणारा साक्षीदार

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी स्नान न करणारा मनुष्य नरकात जातो, असे आमच्या आईचे सांगणे होते. त्या हिशेबाने माझी तिथली जागा वीस वर्षांपूर्वीच पक्की झालेली आहे. दिवाळीला आम्ही सारे बहिणीच्या घरी जमतो. घर जुने, न्हाणीघर एक, आणि स्नानाचा क्रम तिथे वयाने नव्हे, तर आवाजाने ठरतो. वर्गात पंचेचाळीस मिनिटे अखंड बोलणारा मी घरी मात्र मुकाट्याने शेवटचा नंबर पत्करतो. गेल्या दिवाळीतही परसातल्या न्हाणीघरात माझी पाळी आली, तेव्हा सूर्य चांगला हातभर वर आला होता आणि वाटीच्या तळाला चमचाभर उटणे चिकटून राहिले होते.

पण उशिरा येणाऱ्याच्या पदरातही देव काहीतरी टाकतो. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा तांब्याच्या घंगाळात उतरला होता, आणि वर छताच्या चुन्यावर उजेडाचे एक जाळे थरथरत होते. वाचकांपैकी बहुतेकांनी लहानपणी ते पाहिलेच असेल. सोनेरी रेघा एकमेकींत मिसळतात, तुटतात, पुन्हा जुळतात. मी घंगाळात डोकावून पाहिले. पाणी कसे स्वच्छ, निवांत! त्यावर लाट म्हणून दिसत नव्हती. जे पाण्यात मला दिसत नव्हते, ते छतावर ठळक अक्षरांत लिहिले जात होते. मी तांब्या हातात धरून तसाच बसून राहिलो. शेवटी बाहेरून बहिणीने विचारले, “दादा, झोप लागली की काय?”

ओटीवर भाची फराळाचे ताट घेऊन बसली होती. ही माझी भाची परदेशातल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधन करते आणि दोन वर्षांनी दिवाळीला घरी आली होती. मी तिला छतावरच्या जाळ्याची हकीकत सांगितली. वाटले होते, ती हसेल. तिने हातातली चकली खाली ठेवली.

“मामा, अरे हेच तर माझे काम! फक्त आमच्या घंगाळात पाणी नसते आणि आम्ही ऊन वापरत नाही. आम्ही प्रोटॉन वापरतो.”

मी मराठीचा प्राध्यापक. भौतिकशास्त्राशी माझा शेवटचा संबंध शाळेत आला, तोही उभयपक्षी समाधानाने तुटला. परंतु भाची समोर असली की मामाला अज्ञानाची लाज वाटत नाही. “सांग बघू नीट,” मी म्हणालो. त्या सकाळी फराळ थंड होईपर्यंत, म्हणजे चहा थंड होईपर्यंत, तिने मला जे सांगितले आणि नंतर वर्षभर मी खटपट करून जे वाचले, ते यंदाच्या या पानावर मांडतो आहे.

आधी तिच्या घंगाळात काय असते ते पाहू. त्यात असतो प्लाझ्मा. मराठी परिभाषाकारांनी याला ‘आयनद्रायू’ असा शब्द योजला आहे. शब्द मला आवडतो. द्रव आणि वायू यांचा संधी करून ‘द्रायू’, म्हणजे जे वाहते ते. आणि ज्यातले अणू फुटून विजेचा भार घेऊन हिंडू लागले आहेत, तो आयनद्रायू. इंग्रजी शब्द या अर्थी अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1928 साली रूढ केला. वीज कडाडते तो प्लाझ्मा, ट्यूबलाइटच्या नळीत असतो तो प्लाझ्मा, आणि सूर्य तर सगळाच प्लाझ्मा. प्रयोगशाळेत तो करायचा, तर धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर प्रचंड शक्तीच्या लेसर किरणांचा घाव घालतात. क्षणार्धात तिथे कोटीभर अंश तापमानाचा बुडबुडा फुगतो. क्षणार्ध हा शब्दही फार मोठा झाला. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या एक-दोन भागांत हा सारा खेळ आटोपतो. बुडबुड्याचा आकार म्हणाल, तर साबुदाण्याचा एक दाणा.

एवढ्याशा दाण्याच्या पोटात विजेचे आणि चुंबकाचे बळ भरलेले असते. त्या बळाच्या टापूला शास्त्रात ‘क्षेत्र’ म्हणतात. शाळेत कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवला होता, आणि कीस आपोआप कमानी करून उभा राहिला होता, ते आठवावे. होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे चुंबकत्व अर्ध्या गॉसच्या आसपास असते. या साबुदाण्यातले चुंबकत्व दहा लाख गॉसपर्यंत जाते. म्हणजे पृथ्वीच्या वीस लाख पट! आणि गंमत अशी की तिथे कोणी चुंबक ठेवलेला नसतो. प्लाझ्मा एका दिशेने दाट होत जातो आणि दुसऱ्या दिशेने तापत जातो. या दोन दिशा जुळल्या नाहीत, की त्यात आपसूक विजेचा प्रवाह फिरू लागतो आणि त्याभोवती चुंबकत्व जन्मते. लुडविग बिअरमान या जर्मन शास्त्रज्ञाने 1950 साली ताऱ्यांचा विचार करताना ही युक्ती शोधली, म्हणून तिला बिअरमानची बॅटरी म्हणतात. बॅटरी दुकानात मिळत नाही, एवढाच फरक.

“पण हे मोजून उपयोग काय?” मी विचारले. हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला रोज ऐकावा लागतो, म्हणून तो दुसऱ्याला विचारण्यात एक वेगळे सुख आहे.

उपयोग असा. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून जी ऊर्जा निघते, ती पृथ्वीवर आणण्याचा उद्योग माणूस सत्तर वर्षांहून अधिक काळ करीत आहे. एक मार्ग असा, की इंधनाची मिरीएवढी गोळी चहूबाजूंनी लेसरच्या जोराने चिरडायची. अमेरिकेतल्या लिव्हरमोर येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत 5 डिसेंबर 2022 रोजी अशा गोळीवर लेसरने 2.05 मेगाजूल ऊर्जा ओतली आणि गोळीने 3.15 मेगाजूल परत दिली. लेसर चालवायला लागलेली वीज त्याहून कितीतरी जास्त होती, हे खरे. पण गोळीने घेतल्यापेक्षा जास्त दिले, हे इतिहासात प्रथमच घडले. आता ही गोळी नीट चिरडली जाते की तिला पोचे येतात, आतली उष्णता कुठून कुठे वाहते, यात त्या क्षेत्रांचा हात असू शकतो. तेव्हा ती पाहिली पाहिजेत.

आणि पाहायची कशी? सुई घालावी, तर सुईची वाफ होते. क्ष-किरण सोडावे, तर ते आरपार जातात, दाट-विरळ काय ते सांगतात, पण क्षेत्राविषयी अवाक्षर काढीत नाहीत. कारण क्ष-किरणांवर विजेचा भारच नसतो. त्यांना चुंबक ओढत नाही की वीज ढकलत नाही.

इथे भाची एक वाक्य बोलली, ते मी त्याच दिवशी टिपून ठेवले. ती म्हणाली, “मामा, ज्याला कशाचाच धक्का लागत नाही, तो साक्षीदार काय कामाचा?”

म्हणून साक्षीदार नेमला तो प्रोटॉन. रदरफोर्डने 1920 साली ग्रीक भाषेतल्या ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे हे नाव ठेवले. अंगावर विजेचा भार, त्यामुळे क्षेत्र त्याला स्पर्श करतेच. आणि इलेक्ट्रॉनच्या 1836 पट वजन, त्यामुळे तो भरकटत नाही. वाटेत जेवढा धक्का बसेल तेवढा किंचित वाकतो आणि पुढे जातो. पलीकडे पडदा ठेवला, की तो कुठे आपटला ते कळते. सरळ गेला असता तर कुठे आपटला असता, हे आपल्याला ठाऊक असते. या दोन जागांतले अंतर हीच त्याची साक्ष.

आता हे प्रोटॉन आणायचे कुठून? दोन वाटा आहेत, आणि दोन्ही वाटांवर मौज आहे.

पहिली वाट 2000 सालच्या सुमारास सापडली. लिव्हरमोरला, तसेच इंग्लंडातील रदरफोर्ड यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत, अतिशय तीव्र लेसरचा क्षणिक मारा धातूच्या पत्र्यावर करीत असता पत्र्याच्या पाठीमागून प्रोटॉनचा झोत बाहेर पडताना दिसला. पण प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचा गर्भ, आणि सोन्याच्या पत्र्यात हायड्रोजन कुठला? मग ध्यानात आले की तो पत्र्याच्या मळातला आहे! कितीही स्वच्छ पत्रा घ्या, त्यावर हवेतल्या पाण्याचा आणि तेलकटपणाचा अगदी पातळ थर बसलेलाच असतो. लेसरच्या माऱ्याने इलेक्ट्रॉन पत्र्यातून पलीकडे घुसतात, त्यांच्या ओढीने पत्र्यामागे मीटरला एक लाख कोटी व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र उभे राहते, आणि ते त्या मळातले प्रोटॉन उपटून भिरकावून देते. अभ्यंगस्नानाच्या दिवशी मळाची ही महती ऐकून मला फारच बरे वाटले. रदरफोर्ड प्रयोगशाळेतच 2002 च्या सुमारास बेलफास्टच्या मार्को बोर्गेसी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झोताने प्लाझ्मातल्या विद्युतक्षेत्रांची चित्रे घेतली.

दुसरी वाट अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या लेसर प्रयोगशाळेत, एमआयटीच्या चिकांग ली, रिचर्ड पेट्रासो आदी शास्त्रज्ञांनी काढली. त्यांनी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान अशी काचेची पोकळ गोळी घेतली, तिच्यात जड हायड्रोजन आणि हलका हेलियम भरला आणि लेसरने ती चिरडली. आतल्या अणुगर्भांच्या मीलनातून प्रोटॉन निघाले, ते एकाच ठरावीक ऊर्जेचे: 14.7 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यांचा वेग प्रकाशाच्या सहाव्या हिश्श्याहून किंचित जास्त भरतो. एक सेंटिमीटर अंतर तोडायला त्यांना सेकंदाच्या शंभर कोटींश भागाचाही पाचवा हिस्सा पुरतो. म्हणजे साबुदाण्याचा खेळ चालू असतानाच साक्षीदार आत जाऊन बाहेरही येतो.

पडद्यांचेही दोन प्रकार आहेत. एक म्हणजे प्रारण पडले की निळी पडणारी फिल्म. रुग्णालयांत किरणोपचाराची मात्रा तपासायलाही ती वापरतात. तिचे अनेक थर एकावर एक रचतात. प्रोटॉनचा स्वभाव असा, की तो वाटेत थोडे थोडे खर्च करतो आणि थांबण्याच्या आधी उरलेसुरले सारे उधळतो. त्यामुळे मंद प्रोटॉन वरच्या थरांत थांबतात, वेगवान खालच्या थरांत. शिवाय वेगवान प्रोटॉन प्लाझ्मातून आधी गेलेले असतात आणि मंद नंतर. म्हणजे थर उलगडत गेले की एकामागून एक क्षणांची चित्रे हाती येतात. एकाच धमाक्यात पुरा चलच्चित्रपट!

दुसऱ्या पडद्याचे नाव आहे ‘सीआर-39’. कोलंबिया रेझिन या प्लॅस्टिकच्या मालिकेतला हा 39 वा नमुना. त्यावर प्रोटॉन आदळला की डोळ्यांना न दिसणारी जखम होते. मग ते प्लॅस्टिक कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवले की जखमेची खळी होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खळ्या मोजता येतात.

“आणि मामा, हेच प्लॅस्टिक तुझ्या नाकावर आहे.”

मी चाळिशी काढून हातात घेतली. चष्म्याच्या भिंगांसाठी हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे वापरात आहे. म्हणजे ज्या वस्तूतून मी विद्यार्थ्यांचे पेपर तपासतो, तीच वस्तू तिकडे साबुदाण्यातल्या वादळाची साक्ष नोंदवते. माझ्या भिंगांवर इतक्या वर्षांत ओरखड्यांपलीकडे काही नोंदले गेले नाही, हा दोष प्लॅस्टिकचा नसावा.

आता एक अडचण. झोत सगळाच गेला आणि पडद्यावर सगळीकडे पसरला, तर कोणता प्रोटॉन किती वाकला हे कसे कळणार? भाचीने अंगणाकडे बोट दाखवले. तिथे बहिणीने पहाटे ठिपक्यांची रांगोळी काढली होती. प्रोटॉनच्या वाटेत धातूची बारीक जाळी धरतात. जाळीच्या प्रत्येक भोकातून झोताची एक काडी पुढे जाते आणि पडद्यावर ठिपका उमटवते. मध्ये प्लाझ्मा नसेल, तर ठिपके रांगोळीच्या कागदाने काढल्यासारखे ओळीत. प्लाझ्मा असेल, तर एक ठिपका डावीकडे सरकलेला, दुसरा उजवीकडे, कुठे चार ठिपके दाटीने, कुठे मधेच मोकळी जागा. प्रत्येक ठिपका किती सरकला ते मोजायचे, की त्या वाटेवर एकूण किती धक्का होता ते कळते.

एमआयटीच्या मंडळींनी 2006 सालापासून पुढे अशा वाकड्या रांगोळ्या वाचून दाखवल्या. लेसरच्या ठिणगीभोवती चुंबकत्वाचे कडे कसे फुगते, आणि अशी दोन कडी एकमेकांवर आदळली की चुंबकरेषा तुटून नव्याने कशा जुळतात, हे त्यांत दिसले. सूर्यावरच्या ज्वाळांच्या मागेही हाच जोडतोडीचा व्यवहार असतो. 2015 साली आणखी एक चित्र प्रसिद्ध झाले. प्लाझ्माचे दोन लोट समोरासमोरून येऊन एकमेकांत शिरले, कण कणावर आदळला नाही, तरी मध्ये चुंबकत्वाचे असंख्य तंतू उभे राहिले. एरिक वायबेल याने हे 1959 साली कागदावर भाकीत केले होते. स्फोट पावलेल्या ताऱ्यांभोवतीचे आघात अशा तंतूंतूनच घडत असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. छप्पन्न वर्षांनी भाकिताची फोटोप्रत मिळाली!

आपल्याकडेही या क्षेत्रांचा शोध चालला आहे, पण साक्षीदार निराळा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने प्लाझ्मावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या कंपनदिशेत पडलेला फरक मोजून अशी क्षेत्रे पाहिली. 2002 साली त्यांनी कित्येक दशलक्ष गॉसच्या क्षणिक चुंबकीय लहरीचे मोजमाप प्रसिद्ध केले. गुजरातमधल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील सिद्धांतकार त्यांच्या सोबत होते. कुलाब्याच्या टोकाला बसून ताऱ्यांच्या बळाशी खेळणारी माणसे आपल्यातच आहेत, याचा मला त्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता.

इथवर सारे गोड झाले. “म्हणजे चित्र काढले की काम झाले,” मी म्हणालो.

“नाही मामा. चित्र काढणे सोपे. वाचणे कठीण. आम्ही चुकतो ते वाचण्यात.”

मग तिने दोन फसगती सांगितल्या.

पहिली फसगत माझ्याच घंगाळातली. छतावर जिथे झगझगीत रेघ दिसते, तिथे पाण्यात काही झगझगीत असते का? मुळीच नाही. पाण्याला सौम्य बाक असतो, आणि त्या बाकाने निरनिराळ्या जागचे किरण एकाच रेघेवर गोळा होतात. प्रोटॉनचेही तसेच. चित्रात धारदार रेघ दिसली म्हणून प्लाझ्मात धारदार भिंत असेल असे नाही. 2012 साली लिव्हरमोरच्या कुगलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणिताने नीट मांडले. क्षेत्र अगदी सौम्य असले तरी चित्र कर्कश येऊ शकते. आणि एकदा किरण एकमेकांना ओलांडून गेले, की कोण कुठून आला हे सांगणे दुरापास्त.

ते ओलांडलेले नसतील, तर मात्र उलटा हिशेब मांडता येतो. त्याचे गणित फार जुने आहे. गास्पार माँज या फ्रेंच गणितज्ञाने 1781 साली प्रश्न घातला होता, की मातीचा एक ढीग उचलून दुसऱ्या आकाराचा भराव घालायचा तर कमीत कमी ओझे वाहून काम कसे व्हावे. रस्त्याच्या मुकादमाचा हा प्रश्न आज प्रोटॉनच्या ढिगांना लावतात. सारखा पसरलेला झोत हा पहिला ढीग, पडद्यावरचे चित्र हा दुसरा. मधली वाहतूक म्हणजेच क्षेत्राचा धक्का.

दुसरी फसगत मात्र ऐकताना मला हसू आले नाही. प्रोटॉन वाकला हे दिसते. पण कशाने वाकला? विजेने की चुंबकाने? दोन्ही त्याला ढकलू शकतात, आणि एका चित्रात दोघांची खूण एकसारखी दिसू शकते. तो वाकला एवढेच तो सांगतो, कोणी वाकवला हे सांगत नाही.

“मग कसे कळते?”

“दोन युक्त्या. एक म्हणजे वेगवेगळ्या वेगांचे साक्षीदार पाठवायचे. वेग वाढला की विजेने येणारा बाक झपाट्याने कमी होतो, चुंबकाने येणारा सावकाश. दुसरी युक्ती सोपी आहे. उलट बाजूने बघायचे.”

चुंबकाचा स्वभाव असा, की एका बाजूने जाणाऱ्या प्रोटॉनला तो बाहेर ढकलत असेल, तर उलट बाजूने येणाऱ्याला तो आत ओढतो. आत-बाहेर ढकलणाऱ्या विजेला मात्र कोणत्याही बाजूने या, ती ढकलेल तर ढकलेलच. 2009 साली पेट्रासो आणि मंडळींनी याचा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. प्लॅस्टिकच्या एकाच पत्र्याच्या दोन्ही अंगांना एकेक बुडबुडा फुलवला आणि झोत एकाच बाजूने सोडला. म्हणजे एक बुडबुडा झोताला तोंड देऊन, दुसरा पाठ करून. एकीकडचे ठिपके पांगले, दुसरीकडचे गोळा झाले. निकाल लागला. ते चुंबकाचेच काम होते, विजेचा वाटा मोजता येण्याइतका नव्हता.

भाची चहा आणायला आत गेली आणि मला माझ्या वर्गातला शेवटचा बाक आठवला.

आदल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. जून-जुलैत पहिल्या बाकावर बसे, शंका विचारी. दिवाळीनंतर तो उठून शेवटच्या बाकावर, दाराजवळ जाऊन बसू लागला आणि दिवसाच्या शेवटच्या तासाला, म्हणजे माझ्याच तासाला, दहा मिनिटे आधी हळूच निघून जाऊ लागला. ही वाकडी वाट मला स्पष्ट दिसली, आणि कारणही मी तत्काळ ठरवून टाकले. माझा तास त्याला ढकलतो आहे. मुलगा शेफारला आहे. एके दिवशी तो दाराशी पोचला असता मी भर वर्गात एक कोटी केली. वर्ग खो-खो हसला. तो गेलाच. तास संपताना हजेरी घेण्याची प्रथा मीच पाडली होती. त्यामुळे त्याची हजेरी भरली नाही, त्याला टर्म मिळाली नाही आणि वर्ष गेले.

पुढे वार्षिक परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक म्हणून त्याच खोलीत माझी नेमणूक झाली. पाय दुखले म्हणून मी शेवटच्या बाकावर टेकलो. इतक्या वर्षांत त्या बाजूने ती खोली मी पाहिलीच नव्हती. तिथल्या खिडकीतून गाड्यांचा थांबा दिसतो. माझा तास संपायच्या वेळेच्या दहा मिनिटे आधी एक गाडी आली, भरली आणि गेली. मी शिपायाला विचारले. तो म्हणाला, “सर, ती त्या बाजूच्या गावांची शेवटची. दिवाळीपासून वेळ अलीकडे आणलीय.” तो मुलगा त्याच बाजूच्या गावाचा होता.

मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. त्या सकाळी भाचीला सांगितली. तिने मला दोष दिला नाही, सांत्वनही केले नाही. ती एवढेच म्हणाली, “मामा, तुझ्याकडे एकच चित्र होते.” आणि थोड्या वेळाने, “अजून तरी दुसरे आहे का?”

खरेच होते. खिडकीतून दिसली ती गाडी. तो मुलगा नव्हे. त्याचे म्हणणे मी अजून विचारलेच नव्हते. भाऊबीज झाल्यावर घरी परतलो आणि कॉलेजच्या रजिस्टरातून पत्ता काढून त्याला पत्र लिहिले. गाडीचे लिहिले, कोटीबद्दल क्षमा मागितली, परीक्षेला बसायचे असेल तर मी काय करू शकतो तेही लिहिले. दोन महिने उत्तर आले नाही. मग एक छोटेसे पत्र आले.

त्याने लिहिले होते, की गाडीचे खरे आहे, आणि सांगायला संकोच वाटला. राग नाही, पण वर्ग हसला होता ते लक्षात आहे. यंदा तो बाहेरून परीक्षेला बसतो आहे. आणि खाली वेगळी ओळ सोडून लिहिले होते: “सर, तुम्ही विचारलेच आहे म्हणून सांगतो. गाडी नसती तरी मी कदाचित उठलो असतो. दिवाळीनंतरचे तास फार कंटाळवाणे होत होते.”

मी ते पत्र भाचीला कळवले. तिचे उत्तर लगोलग आले. “अभिनंदन मामा. तुझ्याकडे दोन्ही क्षेत्रे निघाली. आता कोणाचा वाटा किती ते काढायला दुसऱ्या वेगाचे साक्षीदार लागतील.”

तेव्हा यंदा मी दोन गोष्टी केल्या आहेत. हजेरी तासाच्या सुरुवातीला घेतो. आणि आठवड्यातून एकदा, वर्ग रिकामा झाल्यावर, शेवटच्या बाकावर जाऊन पाच मिनिटे बसतो. तिथून फळा फार लांब दिसतो, आणि फळ्यावरचे माझे अक्षर, माझी चाळिशी लावूनसुद्धा, वाचता येत नाही.